इटलीतील कुलशोध : दप्तरे, आडनावे व काही भाषिक प्रश्न

कुलवृत्तांत हा मराठी अभ्यासकांस परिचित असलेला ग्रंथप्रकार आहे. सनदा, महजर, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, घरातील जुनी टिपणे आणि वृद्धांच्या तोंडची माहिती यांच्या आधारे मूळ पुरुषापासून आजच्या पिढीपर्यंत वंशवृक्ष उभा करावयाचा, ही त्याची रीत. या रीतीत एक गृहीतक सहसा तपासले जात नाही. ते हे की, आडनाव एक म्हणजे कुळ एक. गोत्र, कुलदैवत व मूळ गाव यांची जोड असल्याने आपल्याकडे या गृहीतकाचे दोष झाकले जातात. ज्या समाजात अशी जोड नाही आणि जेथे लेखी नोंदींची परंपरा मात्र विलक्षण दाट आहे, तेथे आडनाव व वंश यांचा संबंध किती सैल असतो हे स्पष्ट दिसते. इटली हा असा देश होय. तेथील कुलशोधाची साधने कोणती, ती कशी निर्माण झाली आणि त्यांतील भाषा वाचताना कोणते धोके संभवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने नोंदींपेक्षा नावांकडे त्याचे लक्ष अधिक गेले असल्यास वाचकांनी ते समजून घ्यावे.

हा विषय केवळ हौसेचा नाही. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे १ कोटी ४० लक्ष माणसे इटली सोडून परदेशी गेली. त्यांतील बहुसंख्य शेतमजूर व छोटे शेतकरी होते, आणि अर्जेंटिना, ब्राझील व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे त्यांची संतती आज कोट्यवधींच्या संख्येने नांदत आहे. इटलीचा नागरिकत्वाचा कायदा, १९१२ चा काय किंवा १९९२ चा काय, रक्तसंबंधावर उभा आहे. त्यामुळे पणजोबांच्या जन्माची नोंद सापडणे न सापडणे यावर कित्येक कुटुंबांचे स्थलांतर, शिक्षण आणि उपजीविका अवलंबून राहिली. २०२५ च्या मार्चमध्ये काढलेल्या व मेमध्ये कायद्यात रूपांतरित झालेल्या हुकुमाने हा हक्क सामान्यतः आईवडील व आजीआजोबा यांच्यापुरता मर्यादित केला. एका पिढीच्या अंतराने हक्क राहतो किंवा जातो अशी स्थिती आल्यावर नोंदीतील एकेका अक्षराला किती मोल येते, हे सांगावयास नको.

परदेशस्थ वंशजाजवळ प्रारंभी बहुधा दोनच गोष्टी असतात : एक आडनाव आणि ‘नेपल्सच्या बाजूचे कुठलेसे गाव’ अशी आठवण. यांपैकी पहिली गोष्ट त्याला मोलाची वाटते. वास्तविक उपयोगी पडते ती दुसरी. इटलीत आज सुमारे ७,९०० कोमूने, म्हणजे नगर किंवा ग्राम पालिका आहेत, आणि जन्ममृत्यूच्या नोंदी त्यांच्या क्रमानेच लागलेल्या आहेत; साऱ्या देशाची मिळून एक सूची नाही. गाव ठाऊक नसल्यास आडनाव घेऊन दप्तरखान्यात जाणे म्हणजे पत्त्यावाचून पत्र टाकणे होय. अशा वेळी सैन्यभरतीच्या याद्या बऱ्याचदा उपयोगी पडतात. एकीकरणानंतर सर्व तरुणांची भरतीसाठी नोंद होत असे आणि या याद्या जिल्हावार असल्याने त्यांतून गावाचा पत्ता लागतो.

आता आडनावाविषयी. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने १४२७ साली करआकारणीसाठी ‘कातास्तो’ नावाची मोजणी केली. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपली मालमत्ता, देणीघेणी आणि घरातील खाणारी तोंडे लिहून द्यावयाची होती. ‘तोंडे’ हा तेथील दप्तरातीलच शब्द आहे, आणि शहरात दर तोंडामागे २०० फ्लोरिनांची सूट मिळत असे. सुमारे ६० हजार कुटुंबे व अडीच लक्षांहून अधिक माणसे या मोजणीत आली. डेव्हिड हर्लिही व क्रिस्तियान क्लापिश-झुबेर यांनी तिचा जो अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला, त्यावरून दिसते की, खुद्द फ्लॉरेन्स शहरातील कुटुंबप्रमुखांपैकी एक-तृतीयांशाहून थोड्याच अधिकांना कुलनाम होते. खेड्यांत हे प्रमाण त्याहून कितीतरी कमी होते. बाकीचे सारे ‘अमुकाचा मुलगा तमुक’ किंवा फार तर आजोबांचे नाव जोडून ओळखले जात. कुलनाम ही त्या काळी प्रतिष्ठितांची मालमत्ता होती. कुळवाड्याला त्याची गरज नव्हती, व त्याचे वय विचारले तरी तो तीस, चाळीस, पन्नास असे गोल आकडे सांगे, हेही त्याच मोजणीवरून दिसून येते.

लिओनार्दो दा व्हिन्ची याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याच्या जन्माचा पुरावा एका घरगुती टिपणात आहे. त्याचा आजोबा आंतोनिओ याने एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर १४५२ सालच्या एप्रिलच्या १५ तारखेस, शनिवारी, रात्रीच्या तिसऱ्या तासास नातू झाल्याचे लिहून ठेवले. हे टिपण १९३९ साली प्रसिद्ध झाले. रात्रीचा तिसरा तास म्हणजे पहाटेचे तीन नव्हेत. त्या काळी इटलीत तास सूर्यास्तापासून मोजीत, तेव्हा वेळ रात्री दहाच्या आसपासची ठरते. पाच वर्षांनी हाच आजोबा कातास्तोच्या विवरणात पाच वर्षांच्या लिओनार्दोचा उल्लेख अनौरस नातू म्हणून करतो. घरची वही आणि सरकारी विवरण ही दोन स्वतंत्र साधने एकमेकांस दुजोरा देतात. कुलशोधात पुरावा म्हणतात तो हा. ‘व्हिन्चीचा’ हे पद गाव सांगते. त्यावरून त्या नावाची माणसे एका वंशाची ठरत नाहीत.

सर्वसामान्य माणसाची नोंद सातत्याने ठेवली ती चर्चने. फ्लॉरेन्समध्ये जन्मलेल्या सर्व मुलांचा बाप्तिस्मा सान जोव्हान्नी या एकाच बाप्तिस्मागृहात होत असे. चौदाव्या शतकातील बखरकार जोव्हान्नी व्हिल्लानी सांगतो की, तेथील पाद्री प्रत्येक मुलामागे एक काळा आणि मुलीमागे एक पांढरा पावटा बाजूला टाकी, व वर्षाच्या शेवटी ते मोजी. ही गणती झाली, नोंद नव्हे. नावनिशीवार नोंदवह्या तेथे १४५० सालापासून सुरू होतात आणि युरोपातील अतिप्राचीन वह्यांत त्यांची गणना होते. इतरत्र मात्र ट्रेंटच्या धर्मपरिषदेच्या ११ नोव्हेंबर १५६३ च्या ठरावांनी विवाह व बाप्तिस्मा यांची वही ठेवणे हे पाद्र्याचे कर्तव्य ठरले. १६१४ साली पाचवा पॉल या पोपने प्रसृत केलेल्या विधिग्रंथाने अशा पाच वह्या सांगितल्या : बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू, आणि ‘स्तातुस आनिमारुम’, म्हणजे आत्म्यांची स्थिती दर्शविणारी घरवार यादी. या शेवटच्या वहीसाठी पाद्री ईस्टरच्या सुमारास घरोघर फिरून माणसे टिपी. रोममधील अशाच एका यादीत १६०५ साली ‘मीकेलांजेलो, चित्रकार’ आणि त्याचा पोऱ्या अशी दोन नावे येतात. हा मीकेलांजेलो म्हणजे काराव्हाज्जो.

या वह्या आडनावे रूढ करण्यासाठी निर्माण झाल्या असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. परिषदेला चिंता होती ती गुप्त विवाहांची आणि निषिद्ध नात्यांतील विवाहांची. चौथ्या पिढीपर्यंतचे रक्तसंबंध १२१५ सालापासून निषिद्ध होते. शिवाय धर्मपित्याशी जडणारे आध्यात्मिक नातेही आड येत असे. म्हणून धर्मपित्याचे नाव नोंदविणे भाग होते. आपल्याकडे सगोत्रता ठरविण्यास कागद लागत नाही, गोत्राचे नाव पुरते. तेथे प्रत्येक पिढी मोजून दाखवावी लागे. ज्यांना सूट हवी असे त्यांचे अर्ज बिशपच्या दप्तरात आजही मिळतात, आणि त्यांत वधूवरांचे समान पूर्वज दाखविणारे छोटे वंशवृक्ष रेखाटलेले असतात. मागच्या पिढ्या शोधू पाहणाऱ्याला याहून चांगली भेट मिळणे कठीण. आडनाव स्थिर झाले ते या साऱ्याचा परिणाम म्हणून : एकच मनुष्य पुनःपुन्हा लिहिला जाऊ लागला, म्हणून तो एकाच नावाने लिहिला जाऊ लागला.

मात्र लिहिणारा पाद्री कोणत्या भाषेत लिहीत होता, हा प्रश्न आमच्या मते पुरेशा आस्थेने विचारला जात नाही. गावकऱ्याची बोली एक, पाद्र्याच्या शिक्षणाची लॅटिन दुसरी, आणि पुढे सरकारी कारकुनाची तोस्कानी वळणाची इटालियन तिसरी. एकच नाव या तीन गाळण्यांतून जाते. पुन्हा काराव्हाज्जोचेच उदाहरण घेऊ. त्याचा जन्म काराव्हाज्जो या गावी १५७३ च्या सुमारास झाला असे दीर्घ काळ मानले जाई. २००७ साली मिलानच्या धर्मप्रांतीय दप्तरखान्यात सान्तो स्तेफानो या चर्चच्या वहीतील नोंद उजेडात आली. तीत ३० सप्टेंबर १५७१ रोजी मीकेलांजेलो नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा झाल्याचे लिहिले आहे. २९ सप्टेंबर हा देवदूत मीकेल याचा सण. तेव्हा नाव का ठेवले आणि जन्म बहुधा आदल्या दिवशीचा असावा, हे दोन्ही एकदम उलगडते. पण भाषेच्या दृष्टीने गंमत पुढेच आहे. बापाचे कुलनाम मेरीसी. वहीत ते ‘स’च्या जागी ‘एक्स’ हे अक्षर घालून लिहिले आहे. उत्तर इटलीत हे अक्षर घोष ‘झ’सारख्या उच्चारासाठी वापरीत, म्हणजे पाद्र्याने येथे कान प्रमाण मानला. आईचे कुलनाम आरातोरी, अर्थ नांगरणारे. ते मात्र ‘दे ओरातोरिबुस’ असे लॅटिनमध्ये उतरले आहे, आणि त्याचा अर्थ होतो वक्त्यांच्या कुळातील! येथे पाद्र्याने कान बाजूला ठेवून विद्वत्ता प्रमाण मानली. एकाच ओळीत एक नाव उच्चारानुसारी, दुसरे पंडिती. आरातोरी हे नाव धरून सूची चाळणाऱ्याला ही नोंद कधीच सापडली नसती.

आडनावांच्या प्रादेशिक रूपांचा उपयोग, सावधपणे केल्यास, मोठा आहे. लोहार या एका व्यवसायाची नावे पाहावीत. लोंबार्दी व एमिलियाकडे फेर्रारी, तोस्काना-रोमान्याकडे फाब्ब्री, दक्षिणेत फेर्रारो, ईशान्येकडे फाब्रिस व फाव्हारो, सार्दिनियात फ्राउ. काहींच्या मुळाशी लोखंड या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, काहींच्या मुळाशी कारागीर या अर्थाचा. ध्वनिपरिवर्तनाची वाट प्रांतोप्रांती निराळी. त्यामुळे आडनाव कुटुंबाचा प्रांत सुचवू शकते. कालाब्रियातील अन्त्य स्वरावर आघात असणारी लागाना यांसारखी नावे ग्रीक मुळाची, तर सिसिलीतील माकालुसो, व्हादाला ही अरबी मुळाची. हे गेरहार्ड रोल्फ्स प्रभृतींच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. परंतु नावाचे मूळ ग्रीक म्हणून आजचा मनुष्य ग्रीक वंशाचा, हे अनुमान शास्त्रशुद्ध नव्हे. शब्दाची व्युत्पत्ती आणि माणसाची उत्पत्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रत्येक प्रांतात लोहार होते, म्हणून फेर्रारी सर्वत्र झाले; त्यांचे परस्परांशी नाते असण्याचे कारण नाही.

ग्रामनामांवरून आलेल्या आडनावांत आणखी एक चकवा आहे. त्रेव्हिझान म्हणजे त्रेव्हीझोचा. पण त्रेव्हीझो गावात कोणी कोणाला त्रेव्हिझान म्हणणार नाही. तो गाव सोडून दुसरीकडे गेला की त्याला हे नाव मिळते. आपल्याकडील ‘कर’-प्रत्ययान्त आडनावांचा अनुभव पुष्कळसा असाच आहे. त्यातही शहरांवरून आलेली आडनावे सगळी ज्यूंची, अशी एक समजूत इटलीत रुजलेली आहे. काही ज्यू घराण्यांची नावे अशी आहेत हे खरे; परंतु तशी नावे असलेले ख्रिस्ती त्याहून पुष्कळ अधिक आहेत. १९३८ साली फॅसिस्ट राजवटीने वंशविषयक कायदे केले तेव्हा ही समजूत निरुपद्रवी राहिली नाही, आणि शतकानुशतके विवाहाच्या सोयीसाठी राखलेल्या वह्या माणसाला शाळेतून व नोकरीतून काढण्याच्या पुराव्यासाठी उघडल्या गेल्या.

त्याच राजवटीने नावेही बदलली. १९२६ च्या हुकुमाने त्रेन्तो प्रांतातील आणि १९२७ साली त्रिएस्त व इस्त्रियाकडील जर्मन व स्लाव्ह आडनावांस ‘मूळ इटालियन रूप परत देण्याचे’ धोरण स्वीकारले. शब्दयोजना मोठी धूर्त आहे. जे मुळात कधी इटालियन नव्हते ते ‘परत’ कसे देणार? पाणी पिणारा या अर्थाच्या व्होदोपिवेत्स या स्लोव्हेन नावाचे अशा वेळी बेव्हिलाक्वा होई. अर्थ तोच, भाषा निराळी. पण बेव्हिलाक्वा हे इटलीत जुने व स्वतंत्र आडनाव आहे, आणि आता दोन्ही प्रकारचे बेव्हिलाक्वा सूचीत शेजारी शेजारी बसले आहेत. अमेरिकेत एलिस बेटावरील अधिकाऱ्यांनी नावे बिघडविली ही कथा मात्र टिकणारी नाही. प्रवाशांच्या याद्या निघतानाच्या बंदरावर तयार होत आणि एलिस बेटावर त्या केवळ तपासल्या जात. नावे बदलली ती पुढे, शाळेत, कारखान्यात, आणि अनेकदा माणसाच्या स्वतःच्या इच्छेने.

नागरी नोंदणीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. नेपोलियनच्या राजवटीबरोबर ती आली. नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून, सिसिलीत १८२० पासून. नेपोलियनच्या पतनानंतर उत्तर व मध्य इटलीत ती बहुतेक ठिकाणी बंद पडली, परंतु दक्षिणेतील बूर्बों राजांनी ती टिकविली. एकीकरणानंतर १ जानेवारी १८६६ पासून ती सर्वत्र लागू झाली, व्हेनेतो व रोमकडे १८७१ पासून. आणि पहिल्या महायुद्धानंतर इटलीस मिळालेल्या त्रेन्तोकडील भागात तर १९२३ अखेरपर्यंत पाद्र्यांच्या वह्याच चालत होत्या. म्हणजे मागासलेली समजली जाणारी दक्षिण या एका बाबतीत उत्तरेच्या अर्धशतक पुढे होती, व दक्षिणेतील मजुराचा वंश उत्तरेतील सावकाराच्या वंशाहून अधिक सुलभतेने सापडतो. नोंदींच्या दोन प्रती होत : एक कोमूनेत राही, दुसरी न्यायालयाकडे व तेथून कालांतराने प्रांताच्या राजकीय दप्तरखान्यात जाई. या दुसऱ्या प्रतींच्या प्रतिमा सांस्कृतिक मंत्रालयाने २०११ पासून ‘आन्तेनाती’, म्हणजे पूर्वज, या नावाने सर्वांना पाहण्यास खुल्या केल्या आहेत.

दक्षिणेतील या दप्तरांत ‘प्रोचेस्सेत्ती’ नावाची विवाहाची जोडपत्रे असतात. वधूवरांच्या जन्माचे दाखले, आणि आईवडील हयात नसल्यास त्यांच्या मृत्यूचे दाखले, यांत जोडावे लागत. बाप वारला असेल तर संमती आजोबांची हवी. आजोबाही वारले असतील तर त्यांच्याही मृत्यूचा दाखला हवा. १८२० च्या एखाद्या विवाहाच्या कागदांत अशा रीतीने १७४० च्या सुमारास जन्मलेला आजोबा अवतरतो. ज्यांच्या घरी बाप व आजोबा अकाली गेले, त्यांचा वंश आज अधिक पूर्ण सापडतो.

येथे ‘फू’ या लहानशा शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘जोव्हान्नी दि पिएत्रो’ म्हणजे पिएत्रोचा मुलगा जोव्हान्नी. ‘जोव्हान्नी फू पिएत्रो’ म्हणजे कै. पिएत्रोचा मुलगा जोव्हान्नी. ‘फू’ हे ‘होता’ या अर्थाचे क्रियापद आहे. आपल्या मोडी कागदांतील ‘बिन’ बापाचे नाव सांगतो, तो हयात आहे की नाही हे सांगत नाही. ‘फू’ तेही सांगतो. दोन मुलांच्या विवाहांत एकदा ‘दि’ व एकदा ‘फू’ आले, तर मधल्या काळात बाप वारला हे निश्चित, आणि मृत्यूची वही कोणत्या वर्षांत पाहावयाची हेही निश्चित. स्त्रियांच्या बाबतीत तर इटालियन दप्तर आपल्या दप्तरांहून उदार आहे. विवाहानंतरही स्त्रीची नोंद माहेरच्या कुलनामानेच होते. आपल्या कुलवृत्तांतांत ‘पत्नी : लक्ष्मीबाई, माहेरचे नाव अज्ञात’ अशा ज्या ओळी वाचाव्या लागतात, त्या तेथे फारशा येत नाहीत.

१८६६ नंतरच्या नोंदींत मात्र एक खड्डा आहे. त्या वर्षापासून १९२९ च्या करारापर्यंत केवळ चर्चमध्ये लागलेल्या विवाहास कायद्याची मान्यता नव्हती. राज्य आणि पोप यांच्या भांडणात अनेकांनी पाद्र्यापुढे लग्न लावले आणि पालिकेकडे पाठ फिरविली. त्यांच्या मुलांचा जन्म सरकारी वहीत ‘नाव सांगण्यास संमती नसलेल्या स्त्रीच्या पोटी’ असा नोंदला गेला. ते वाचून वंशज खजील होतो. वस्तुतः दोन गल्ल्यांपलीकडे चर्चच्या वहीत त्याच्या पणजीचे विधिवत लग्न साक्षीदारांसह लिहिलेले असते.

तारखांचे घोटाळेही ध्यानी ठेवावेत. फ्लॉरेन्समध्ये १७४९ अखेरपर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून तेथील वहीतील १० फेब्रुवारी १६२० ही तारीख आपल्या हिशेबाने १६२१ ची. पिसामध्येही वर्षारंभ २५ मार्चलाच, पण एक वर्ष आधीचा. व्हेनिसमध्ये १ मार्च. चैत्रादी आणि कार्तिकादी संवतांशी झुंजलेल्या आमच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांस यात नवल वाटू नये.

ज्यांना कुळच नाही, त्यांच्या नावांचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. फ्लॉरेन्समधील इन्नोचेन्ती, म्हणजे निष्पाप बालकांचे, अनाथालय १४४५ साली उघडले. ५ फेब्रुवारीस पहिली मुलगी तेथे आली. तो सन्त आगाताचा दिवस असल्याने तिचे नाव आगाता ठेवले. तेथे वाढलेल्यांना पुढे इन्नोचेन्ती, देल्यी इन्नोचेन्ती अशी आडनावे मिळाली. नेपल्समध्ये एस्पोसितो, म्हणजे बाहेर ठेवलेला. रोमकडे प्रोयेत्ती, म्हणजे टाकलेला. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाच्या चिन्हात पारवा होता, म्हणून तेथील मुलांना १८२५ पर्यंत कोलोम्बो हे नाव देत. फ्लॉरेन्स व नेपल्स येथे गुप्तपणे मूल सोडण्याची सोय १८७५ साली बंद झाली. पण आजही एस्पोसितो हे नेपल्सचे व कोलोम्बो हे मिलानचे अत्यंत प्रचलित आडनाव आहे. दोन एस्पोसितोंमध्ये समान असते ते एक दार. शिवाय प्रत्येक कोलोम्बोचा पूर्वज अनाथ होता असेही नाही. कोलोम्बो हे जुने व्यक्तिनामही आहे. १९३९ च्या नागरी नोंदणीच्या हुकुमाने अनाथ मुलांस त्यांचे मूळ सूचित करणारी आडनावे देण्यास बंदी केली, आणि १९५५ च्या कायद्याने दाखल्यांवर आईबापांचे नाव छापण्याची, म्हणजेच ‘बाप अज्ञात’ हा शिक्का मिरविण्याची, पद्धत थांबली.

इन्नोचेन्तीच्या दप्तरात मुलांबरोबर आलेल्या खुणा जपून ठेवलेल्या आहेत : अर्धे कापलेले पदक, नाण्याचा तुकडा, फीत. उरलेला अर्धा भाग आईजवळ राही; परिस्थिती सुधारली तर तो दाखवून मूल ओळखता यावे हा हेतू. बहुतेक तुकड्यांना जोड मिळालेला नाही. ज्या आईने आपले नाव गुप्त ठेवले तिची ओळख कायद्याने शंभर वर्षे झाकलेली राहते. २०१३ साली घटनात्मक न्यायालयाने या नियमास थोडी वाट करून दिली. अपत्याने विनंती केल्यास न्यायाधीशाने आईला पुन्हा विचारून पाहावे, असा त्याचा आशय. आईचे मौन आणि मुलाची जिज्ञासा यांतील हा तंटा कोणत्याही दप्तराने सुटणारा नाही.

जेथे कुळाला किंमत असते तेथे बनावटही असते. बेव्हान्या गावचा वैद्य आल्फोन्सो चेक्कारेल्ली याने सोळाव्या शतकात सरदार घराण्यांना प्राचीन पूर्वज पुरविण्याचा धंदा आरंभिला. सनदा, इतिवृत्ते, ग्रंथकारही त्याने कल्पनेने निर्माण केले. १५८३ साली रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी लिस्बनहून हिंदुस्थानास निघाला, आणि या गृहस्थाच्या घराण्याची हकीकत आम्हांस विशेष जवळची आहे.

फिलिप्पो १५४० साली जन्मला. त्याच्या घराण्याचे दप्तर उत्तम राहिले आहे. फ्रान्चेस्को सास्सेत्ती (१४२१–१४९०) हा मेदिची पेढीचा प्रमुख व्यवस्थापक. त्याच्या हाताची १४६२ ते १४७२ ची खासगी हिशेबवही फ्लॉरेन्सच्या दप्तरखान्यात आहे, आणि सान्ता त्रिनिता चर्चमधील त्याच्या घराण्याच्या प्रार्थनामंदिरात गिर्लान्दायोने रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. फ्रान्चेस्कोला तेओदोरो नावाचे दोन मुलगे होते. १४७९ च्या सुमारास थोरला वारला, आणि नव्या जन्मलेल्या मुलास तेच नाव मिळाले. मृताचे नाव अशा प्रकारे घरात ‘पुन्हा घडविण्याची’ फ्लॉरेन्समध्ये रूढीच होती. ती ठाऊक नसेल तर दोघा भावांचा एक मनुष्य होतो आणि त्याचे आयुष्य अकारण लांबते. १६०० साली फिलिप्पोचा भाऊ, तोही फ्रान्चेस्कोच, याने घरच्या कागदांवरून आपल्या कुळाची हकीकत लिहिली. एकोणिसाव्या शतकात ती फिलिप्पोच्या पत्रांबरोबर छापली गेली, व पुढे आबी व्हारबुर्ग याने १९०७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तिचा आधार घेतला. म्हणजे हा इटालियन कुलवृत्तांतच होय. फरक इतकाच की, त्याचे मूळ कागद अद्याप ताडून पाहता येतात.

फिलिप्पो कोचीन व गोवे येथे राहिला आणि १५८८ साली गोव्यात वारला. येथून धाडलेल्या पत्रांत त्याने संस्कृतातील सहा, सात, आठ, नऊ या संख्या, देव आणि सर्प हे शब्द इटालियन शब्दांशी जुळतात असे नोंदविले आहे. विल्यम जोन्सच्या सुमारे दोनशे वर्षे आधी केलेले हे निरीक्षण आमच्या शास्त्राच्या इतिहासात नेहमी उल्लेखिले जाते. शब्दांचे कुळ शोधणारा हा मनुष्य ज्या घरातून आला, तेथे माणसांचे कुळ लिहिण्याचा व्यासंग होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

तो मेला त्या गोव्यातही ट्रेंटचेच नियम लागू होते व चर्चच्या वह्या त्याच नमुन्याच्या होत्या. तेथेही आडनाव वंशाचा पुरावा होऊ शकत नाही, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे वा धर्मपित्याचे पोर्तुगीज कुलनाम घेतलेली परस्परांशी असंबद्ध घराणी एकाच नावाची झाली. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांच्या जन्माचे दाखले शोधणारे आजचे गोवेकर आणि इटालियन नागरिकत्वासाठी धडपडणारे ब्राझीलवासी एकाच प्रकारच्या वह्या चाळीत आहेत, आणि नावाच्या लेखनभेदांपायी एकाच प्रकारे अडत आहेत.

या वह्या टिकल्या कशा, हाही एक इतिहास आहे. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुराने फ्लॉरेन्सच्या दप्तरखान्यात, जो तेव्हा उफ्फीत्सी वास्तूत होता, पाणी व चिखल शिरला. त्याहून मोठा घात नेपल्सवर झाला. युद्धकाळी सुरक्षिततेसाठी शहराबाहेर सान पाओलो बेल्सितो येथील एका वाड्यात हलविलेले नेपल्सचे सर्वांत मौल्यवान दप्तर ३० सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन सैनिकांनी जाळले. त्यात आंजू राजांच्या कचेरीच्या तेराव्या-चौदाव्या शतकांतील पावणेचारशेंच्या घरातील वह्या होत्या. दक्षिणेतील शेकडो घराण्यांचे पहिले उल्लेख त्यांत होते. दप्तराधिकारी रिक्कार्दो फिलांजिएरी यांनी उपलब्ध छायाचित्रे, मुद्रित उतारे व जुन्या विद्वानांची टिपणे गोळा करून त्या वह्या पुन्हा उभ्या करण्याचे काम हाती घेतले. १९५० साली त्याचा पहिला खंड निघाला व पुढील खंड कित्येक दशके निघत राहिले. या पुनर्रचनेत ज्यांच्या टिपणांचा मोठा आधार झाला त्यांत कार्लो दे लेल्लिस हा सतराव्या शतकातील लेखक आहे. तो सरदारांच्या वंशावळी लिहिणारा होता, आणि वंशावळींसाठीच त्याने वह्यांमागून वह्या उतरून काढल्या होत्या.